धानाच्या बांधीत चिलखती गाडी

आमच्या गावच्या पोलीस चौकीला चिलखती गाडी मिळाली तेव्हा चौकीच्या संडासाला दार नव्हतं. हे मी थट्टेनं सांगत नाही. मी शिकवते ती शाळा चौकीला लागूनच आहे आणि चौकीतले शिपाई आमच्याच शाळेचा संडास वापरत. चौकीची जीप वर्षभरापासून पिंपळाखाली उभी होती. तिच्या टपावर कोंबड्या बसत. फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला शिपाई आधी विचारत, "मोटरसायकल आणली का? तर चलो." फिर्यादीच्याच गाडीवर मागे बसून पोलीस गुन्ह्याच्या जागेवर जात, आणि पेट्रोल अर्थातच फिर्यादीचं.

अशा चौकीला एका दुपारी ती गाडी आली.

बैहर-लांजीकडचं नक्षलवाद्यांचं जंगल शांत झालं, असं वरून सांगण्यात आलं होतं. जंगल शांत झालं ते चांगलंच झालं. माझा धाकटा भाऊ तिकडेच पोलिसात आहे, त्याच्यासाठी मी कितीतरी वर्षं जीव मुठीत धरून होते. पण जंगल शांत झाल्यावर तिथल्या गाड्या रिकाम्या झाल्या, आणि सरकारी रिकामी वस्तू कुठंतरी ठेवावी लागते. आमचा भाग धानाचा, घरची भाषा मराठी आणि सरकारची हिंदी. इथं मोटारपंप चोरीला जातात, मोहाची पिऊन माणसं शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, नवरे बायकांना मारतात. इथं रस्त्यात सुरुंग कोणी पेरत नाही. पेरायचंच झालं तर आमच्याकडे आधी रस्ता लागेल.

गाडी आली तेव्हा तिची पूजा झाली. शाळेतली मुलं दोन रांगांत उभी करण्याचा आदेश होता, मी उभी केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवला. ज्या गाडीवर गोळी चालत नाही तिला दृष्ट मात्र लागू शकते, असा हिशेब असावा. एक पुढारी बोलले, "अब इस क्षेत्र की जनता चैन की नींद सोएगी." जनता उन्हात उभी होती आणि प्रसादाची वाट बघत होती. माझी सासू पुढेच होती. तिनं गाडीकडे खालून वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यात बसून कोनाले पकडनार हायेत हे? कोंबडीचोराले?"

गाडी चौकीच्या फाटकातून आत जाईना, म्हणून मग कंपाउंडची भिंत पाडली. ती पुन्हा बांधली गेली नाही आणि गावच्या शेळ्यांना चौकीच्या आवारातलं गवत मोकळं झालं. गाडीचा लोकांच्या दृष्टीनं झालेला तेवढाच उपयोग. गावात तिला सगळे टँक म्हणू लागले. नवीन ठाणेदाराला त्याचा राग येई. तो शहरातला तरुण, काळा चष्मा सावलीतही न काढणारा. तो म्हणे, "टँक नहीं है, बख्तरबंद वाहन है." लोक म्हणत, "हौ साब." आणि वळले की टँक.

त्या वर्षी पोळा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. धान गर्भाशी आलेलं, लोंब्या निघायच्या बेतात, आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडायला लागलेल्या. नहराचं, कालव्याचं, पाणी सुटलं, पण आमच्या गावाच्या वर एक टोला आहे, लहानशी वस्ती, तिथल्या लोकांनी नहराच्या फाट्यावर फळ्या आणि दगड लावून पाणी स्वतःकडे वळवलं. त्यांचीही धानं सुकतच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. आमच्याकडची माणसं फावडी घेऊन निघाली, त्यांत माझा धाकटा दीर सगळ्यांत पुढे. तो मुळात शांत माणूस आहे, पण धान सुकताना कोणी शांत राहत नाही.

असे तंटे दरवर्षीचे. पूर्वी चौकीतून एखादा हवालदार यायचा, दोन्हीकडच्यांना सारख्याच शिव्या घालायचा, "आज तुम्ही, उद्या ते" म्हणायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. तो न्याय नव्हताच. पण पाणी वाहायचं.

रविवार होता. सासू म्हणाली, "जाय वो, त्याले घेऊन ये. डोकं फोडून येईन तो कोनाचं तरी." मी गेले. नहराच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, चाळीसेक माणसं असतील. वरच्या टोल्यावरचा एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस फळ्यांवर पाय रोवून उभा होता, आणि माझा दीर त्याच्या पुढ्यात.

"फळी काढ."

"नाई काढत. तुह्या बापाची नहर हाये का?"

"तुह्या बापाची हाये का?"

इतपत. कोणाचा तरी शर्ट फाटला होता, एकदोन काठ्या वर गेल्या होत्या, बायका मागून ओरडत होत्या. मी दिराचा दंड धरून म्हटलं, "भाऊजी, घरी चला." तो म्हणाला, "वहिनी, तुमी बाजूले व्हा." तेवढ्यात कोणीतरी चौकीला फोन केला. आमच्यापैकी की त्यांच्यापैकी, ते अजून कोणी कबूल करत नाही.

गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. नहराच्या पाळीवरची वाट बैलगाडीची, फार तर ट्रॅक्टरची. तिच्यावरून ती गाडी पुऱ्या रुंदीनं, दोन्हीकडची झुडपं मोडत येत होती. भोंग्यातून आवाज आला, "सब लोग तितर-बितर हो जाइए. यह आख़िरी चेतावनी है." पहिली कुठं झाली होती, कोणास ठाऊक. पांढऱ्या मिशांचा माणूस ओरडून म्हणाला, "साब, पाळ ओली हाये! आनू नका इकडं!" माझा दीरही हात हलवून तेच ओरडत होता. आतल्या लोकांना काचेतून एवढंच दिसलं असणार की जमाव हात उगारून अंगावर येतो आहे. गाडी थांबली नाही.

पाळ खचली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीचा ढिगारा घसरावा तसा. डाव्या बाजूची चाकं आत गेली, गाडी कलली आणि हळूहळू नाक खाली घालून खालच्या बांधीत उतरली. तिच्या मागोमाग पाणी. ज्या पाण्यासाठी माणसं एकमेकांची डोकी फोडायला निघाली होती, ते सगळं पाणी पाळ फोडून आमच्याही शेतात नाही, त्यांच्याही शेतात नाही, सरळ नाल्याकडे धावलं.

गाडीचं मागचं दार आता वर आलं होतं. ते उघडलं आणि डोक्यावर लोखंडी टोप, छातीवर जाकीट, हातात बंदूक असे जवान एकेक करून चिखलात उड्या टाकू लागले. एकाचा बूट चिखलातच राहिला. ठाणेदार सगळ्यांत शेवटी उतरला. चष्मा डोळ्यांवरच होता. तो पाळीवर चढला आणि त्यानं क्रेनसाठी फोन लावला. फुटलेल्या पाळीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

माझा दीर ओरडला, "पोते आना रे! पोते!"

मग कोण खालचा आणि कोण वरचा ते उरलं नाही. पोत्यांत माती भरली, तणसाचे भारे आणले, पळसाच्या फांद्या तोडल्या. तो मिशांचा माणूस आणि माझा दीर छातीएवढ्या पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि वरून आलेलं पोतं खाली दाबत राहिले. मी आणि बायका पदरात माती भरून देत होतो. पोलीस बंदुका डोक्यावर धरून कोरड्या जागी उभे होते. एकानं मदतीला हात पुढे केला, त्याला ठाणेदारानं परत बोलावलं. गाडीजवळ बंदोबस्त हवा होता म्हणे.

दिवस मावळायच्या सुमाराला भगदाड बुजलं. पण त्या खेपेचं पाणी गेलं ते गेलंच. क्रेन दुसऱ्या दिवशी आली. तोवर चिखलातल्या गाडीभोवती पहारा होता. सासू म्हणाली, "आपली राखन कराले टँक, अन् टँकाची राखन कराले पोलीस. अन् पोलिसाले चहा पाजाले आपन." आणि चहा पाठवला.

आठवड्याच्या आत गुन्हा दाखल झाला. सरकारी कामात अडथळा, सरकारी मालमत्तेचं नुकसान. आरोपी माझा दीर, तो मिशांचा माणूस आणि इतर. गावकऱ्यांनी गाडी पाडण्याच्या इराद्यानं पाळ आधीच पोखरून ठेवली होती, असं त्यात म्हटलं होतं. आपलंच पाणी वाहून जावं म्हणून शेतकरी पाळ पोखरतात! असली कल्पना सुचायला भात फक्त ताटातच पाहिलेला असावा लागतो.

मी चौकीत गेले. ठाणेदारानं खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मैडम, आप पढ़ी-लिखी हैं. आप ही समझाइए इन लोगों को."

मी म्हटलं, "क्या समझाऊँ? उन्होंने तो चिल्लाकर बताया था कि मेड़ गीली है."

 तो अगदी सरळपणे म्हणाला, "देखिए, गाड़ी का नुक़सान हुआ है. किसी के नाम पर तो जाएगा."

मला त्याचा राग येण्याआधी किळस आली. तो खोटारडाही नव्हता. खोटं बोलणारा माणूस निदान खऱ्याला घाबरतो. याला फक्त एक नाव हवं होतं, कोणाचंही.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. मी सगळं सांगितलं आणि सांगताना खूप हसले. तो हसला नाही.

"ताई, तू जिले हसून राह्यली, त्या गाडीत मी बसलो हाये. बाहेरून गोळ्या लागत होत्या. टिनावर गारा पडल्यावानी आवाज. आज ओवाळून घ्याले बसलो तो तिच्याचमुळं."

मी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग रोज त्यातच फिरत होता का तुमी?"

"नाई. रोज तं पायीच. सुरुंग रस्त्यातच राह्यते ना, म्हनून रस्ता सोडून झाडीतून चालाचं."

"मग इथं काहून पाठवली ते? इथं कोन गोळी मारून राह्यलं?"

 तो म्हणाला, "तिथं कामाची होती, ताई." मी म्हटलं, "तिथं होती. हौ." त्यानंतर मी त्याच्यासमोर गाडीवरून हसले नाही. पण ज्यांनी ती धानाच्या देशात आणून उभी केली त्यांच्याबद्दलचं माझं मत उलट आणखी वाईट झालं. माझ्या भावाचा जीव वाचवणारी वस्तू त्यांनी मिरवणुकीच्या हत्तीसारखी वापरली होती.

खटला रेंगाळला. दीर आणि तो मिशांचा माणूस एकाच बसनं तारखेला जात, एकाच टपरीवर नाश्ता करत. पोलिसांना गावातून पंच मिळेना. ज्याला विचारावं त्याला त्या दिवशी नेमकं सासरी जायचं असे. शेवटी कोर्टात जजसाहेबांनी पोलिसांच्या साक्षीदाराला विचारलं, "गाड़ी चला कौन रहा था? गाँववाले?"  काही तारखांनंतर सगळे सुटले. त्या वर्षी आमच्या घरी धान निम्मं आलं, वरच्या टोल्यावर त्याहून कमी. ठाणेदाराची बदली मोठ्या ठाण्यावर झाली. त्याला बढती म्हणतात.

गाडी दुरुस्त होऊन परत आली. पण गाव आता पोलिसांना बोलावेनासं झालं. पाण्यावरून पुन्हा तंटा झाला तेव्हा कोणी फोन काढला, तर दोन्हीकडचे एकदम ओरडले, "नको रे बापा, गाडी येईन!" पंप चोरीला गेला तर माणूस हळहळून नवा बघू लागला. मार खाल्लेली एक बाई शाळेत माझ्याकडे येऊन बसली. चौकीत चल म्हटलं तर म्हणाली, "तो टँक दारात आला तं मोहल्ल्यात तोंड कसं दाखवू?" तिला मी माझ्या स्कूटीवरून तिच्या माहेरी सोडलं.

शाळेच्या वार्षिकोत्सवाला नवा ठाणेदार पाहुणा म्हणून आला. हा वयानं मोठा, बोलायला गोड. माइक हातात घेऊन तो पालकांना म्हणाला, "आपको जानकर ख़ुशी होगी, जब से बख्तरबंद गाड़ी आई है, चौकी में शिकायतें आधी रह गई हैं."

दुसऱ्या रांगेत माझा दीर मोठ्यानं हसला. एकटाच. मग मागून कुठूनतरी तो पांढऱ्या मिशांचा माणूस हसला, मग बायका, मग सगळं पटांगण. पदर तोंडाला लावून लोक हसत होते. ठाणेदारानं क्षणभर इकडे-तिकडे पाहिलं. लोक खूश झाले असं त्याला वाटलं असावं, कारण मग तोही हसायला लागला.