अर्धं दाबायचं बटण

बटण दाबायचं तर पूर्ण दाबायचं, हा नानांचा पंपहाउसातला पहिला धडा. अर्धवट दाबलं की आत ठिणगी उडते, कॉन्टॅक्ट जळतो आणि अर्ध्या वस्तीचं पाणी अडतं. एकतीस वर्षं त्यांचं बोट हेच करत आलं होतं. आणि आता लेक सांगत होती, अर्धं दाबा आणि थांबा.

“थांबा म्हणजे किती?”

“पक्षी येईपर्यंत. अर्धं दाबलं की कॅमेरा नेम धरतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. बाबा, तुम्ही बटण दाबताय की डास मारताय?”

लेक हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘हलू नका, श्वास रोखा’ सांगून घरी आली की बापालाही तेच सांगायची. कॅमेरा तिचाच. लेन्स बदलता येत नाही, पण लांबचं अगदी नाकासमोर आणतो. त्याला ब्रिज कॅमेरा का म्हणतात, हे तिने सांगितलं, “खिशातलाही नाही आणि मोठ्या फोटोग्राफरचाही नाही, मधला.”

“म्हणजे ह्यांच्यासारखाच,” लेकीची आई आतून म्हणाली. “धड इकडे नाही, धड तिकडे नाही.”

नानांना फोटोची हौस नव्हती. पाण्याच्या उंच टाकीला रंग द्यायचा होता आणि शनिवारी परांची बांधायला माणसं येणार होती. टाकीच्या माथ्याखाली हवेसाठी झरोके आहेत. त्यातल्या पुढच्या झरोक्यात ससाण्याने घर केलं होतं आणि काम नेमकं तिथूनच सुरू होणार होतं. नाना इंजिनियर साहेबांकडे गेले.

“कबुतरं असतील हो,” साहेब म्हणाले.

“ससाणा आहे साहेब. पिल्लं आहेत.”

“पाहिलीत?”

“आवाज ऐकलाय.”

“आवाजावर ठेकेदाराला कसं थांबवू? फोटो आणा. पिल्लं दिसली तर मागच्या बाजूने सुरू करू. पण शनिवारी नऊच्या आत.”

शिडी चढून मोबाईलने फोटो काढता आला असता. पण शिडीवर पाय पडला की मादी उडून जायची आणि तासभर फिरकायची नाही. शिवाय नानांना त्या शिडीची वेगळीच धास्ती होती. गेल्या वर्षी टाकी धुताना त्या झरोक्यातला कचरा त्यांनीच खराट्याने खाली लोटला होता. उतरून पाहिलं तर सिमेंटवर चार तांबूस अंडी फुटलेली. त्यांनी पाइप लावून जागा धुतली आणि कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा.

दोन दिवस ते अंगणातल्या चिमण्यांवर सराव करत होते. झूम पूर्ण ताणला की हाताची थरथर चित्रात दुप्पट दिसायची. बोट सवयीने खाली जायचं आणि चिमणी निघून गेल्यावर फोटो निघायचा.

“शेपट्यांचा चांगला साठा झालाय,” आई म्हणाली.

शुक्रवारी पाळी संपवून नाना व्हॉल्वच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून बसले. पिल्लं आतच असायची. मादी चोचीत काही घेऊन आली तरच ती कडेला यायची, तीही दोन-तीन सेकंद. लेकीने कॅमेऱ्यावरच्या चाकावर पळत्या माणसाचं चित्र लावून दिलं होतं. तिथे एकदा बटण दाबून धरलं की फोटो धडाधड निघतात.

सव्वाचारला मादी आली. बोट अर्ध्यावर थांबलं, मग दाबलं गेलं. नानांना चोची दिसल्या, खरंच दिसल्या. तोच कॅमेऱ्याचा पडदा काळा पडला आणि मागे लाल दिवा लुकलुकायला लागला.

पंपहाउसात लाल दिवा लागला म्हणजे मोटर अडकली. आधी वीज तोडायची, विचार मागून. नानांनी झाकण उघडून बॅटरी उपसली.

संध्याकाळी लेकीने कार्ड कॉम्प्युटरला लावलं, काढून पुन्हा लावलं. मग म्हणाली, “बाबा, तो दिवा म्हणजे कॅमेरा फोटो साठवत होता. एवढे फोटो एकदम घेतले की त्याला दम लागतो.”

“म्हणजे फोटो आले होते?”

“आले होते. बॅटरी काढलीत तेव्हा गेले.”

नानांनी बॅटरी पुसून चार्जिंगला लावली.

“उद्या मी येऊ का?” लेकीने विचारलं.

“तू येऊन काय करणार? ससाण्याला म्हणणार, हलू नकोस?”

शनिवारी साडेसहालाच ते भिंतीशी होते. मादी एकदा आली, पण नेम टाकीच्या कठड्यावर बसला आणि फोटोत फक्त कठडा आला. आठला परांचीच्या पाइपांची गाडी आली. पाइप दणादण जमिनीवर पडायला लागले. मादी वर घिरट्या घालत राहिली, खाली येईना. पावणेनऊ वाजले. नाना उठून मुकादमाकडे गेले.

“दहा मिनिटं पाइप टाकू नका. चहा घ्या.”

“चहा झाला.”

“मग परत घ्या.”

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मुकादमाने हात वर केला. माणसं थांबली. नानांनी झरोक्याच्या कडेवर नेम धरला, बटण अर्धं दाबलं आणि श्वास रोखला. बोटाला रग लागली. घाम डोळ्यात उतरला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. मादी उतरली तेव्हा बोट आपलं आपण खाली गेलं.

पडदा काळा. लाल दिवा. नानांनी कॅमेरा मुकादमाच्या हातात दिला. “धरा जरा. माझ्या हातांचा भरवसा नाही.”

नऊच्या आतच आलेल्या साहेबांनी स्कूटरवर बसूनच फोटो पाहिले. अकरातल्या नऊ फोटोंत नुसता धुरकट पंख होता. दहाव्यात पाठ. शेवटच्या फोटोत पंखाखालून दोन पांढरी डोकी वर आली होती, चोची उघड्या.

“दोन,” साहेब म्हणाले.

“मागे तिसरं असेल.”

“कधी उडतील?”

“तीन आठवडे तरी लागतील.”

“मागची बाजू पंधरा दिवसांत संपेल नाना. मग पुढे यावंच लागेल.” साहेबांनी मुकादमाला मागे जायची खूण केली आणि स्कूटर वळवली.

माणसं पाइप उचलून निघाली. नाना मुकादमाच्या मागोमाग गेले.

“मागच्या बाजूला रंगाचे हात किती देणार?”

“दोन.”

“तीन दिले तर? आणि मध्ये प्रत्येक हात नीट वाळू दिला तर?”

मुकादम हसला. “तेवढ्यात पिल्लं म्हातारी होतील.”

नाना हसले नाहीत. “थट्टा राहू द्या. दिवस किती, ते मोजून सांगा.”