वहिनीनं बसवलेलं हेड

पुतणीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या वर्कशॉपमध्ये एका बसखाली होतो. "काका, आई गेली," एवढंच ती बोलू शकली. सकाळी गॅरेजचं शटर उघडून वहिनी स्टुलावर टेकली, आणि उठलीच नाही... बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. वाटभर रडू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं वाटत राहिलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता काही आठवडे झाले, तरी तो थकवा अंगातून उतरलेला नाही.

शालिनीवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं अकोल्यात डिझेल इंजिनांचं गॅरेज, त्याच्या मागेच घर. लग्नानंतर कितीतरी वर्षं वहिनीचा गॅरेजशी संबंध होता तो चहा पाठवण्याचा आणि ऑईलनं माखलेले कपडे धुण्याचा. मग दादाला लकवा मारला. उजवा हात गेला आणि जिभेवरचा ताबाही गेला. डोकं शाबूत होतं, सगळं आठवत होतं, पण तो बोलायचा ते आम्हाला नुसतं घोगरं ऐकू यायचं. मला, पुतणीला, डॉक्टरांना, कोणालाच कळत नसे. वहिनीला कळायचं. कसं कळतं ते मात्र तिला सांगता यायचं नाही.

त्या वेळी हिवरखेडच्या एका माणसाची काळीपिवळी गॅरेजात खोलून पडली होती. त्याचं घर त्या गाडीवरच्या सवाऱ्यांवर चालायचं. बिचारा रागावला नाही, सुटे भाग पोत्यात भरून दुसरीकडे नेतो म्हणाला. ते ऐकून दादानं डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं. मी रविवारी येऊन इंजिन जोडून देतो असं कळवलं आणि गेलो, तर वहिनी लुगड्यावर दादाचा जुना शर्ट घालून रॉकेलच्या फडक्यानं हेड, म्हणजे इंजिनावरचं ते जड झाकण, पुसत बसलेली.

"भाऊजी, तुमी बसा. हे सांगून राहिले, मी करून राहिली."

हेड उचलून ठेवायला तेवढं तिनं मला बोलावलं. मग एकेक बोल्ट. मधले आधी, मग बाहेरचे, आणि एकदम कोणताच आवळायचा नाही... दादा खुर्चीतून घोगऱ्या आवाजात सांगत होता आणि ती "हो, हो, अजून थोडा" म्हणत पाना फिरवत होती. वर कॅमशाफ्टचा दांडा ठेवून त्याला धरून ठेवणाऱ्या टोप्या आवळल्या, आणि हातानं फिरायला हवा तो शाफ्ट हलेना. दादा खुर्चीचा हात बडवायला लागला. मी पुढे झालो.

"वहिनी, द्या, मी पाहतो."

तिनं मान वर केली नाही. "थांबा. ते तुमाले नाई, मले सांगून राहिले."

तिनं सगळ्या टोप्या पुन्हा सोडवल्या. त्यातल्या दोन टोप्यांची अदलाबदल झाली होती. तिनं त्या पुसल्या, खुणा पाहून बसवल्या, परत हळूहळू आवळल्या. आता शाफ्ट अलगद फिरला. संध्याकाळी गाडी सुरू झाली, आधी धूर ओकला, मग आवाज एकसारखा लागला. गाडीवाला दादाचे हात धरून म्हणाला, "दादा, तुमी माहा जीव वाचवला." दादानं डावा हात सोडवून घेतला आणि वहिनीकडे दाखवला. ती तोवर साबण लावून नळाखाली हात घासत होती.

पुढे गॅरेज तिनंच चालवलं. आम्हाला सवय झाली, गिऱ्हाइकांनाही. तिला काय होत असेल हे कोणी विचारलं नाही. एकदाच, चहा ओतताना ती आपणहून म्हणाली होती, "भाऊजी, इंजिनाचं काई नाई. दिवसभर दोघांचं बोला लागते न्, त्यानं जीव थकते."

मी आता दर रविवारी जातो. पुतणी शटर उघडते, दादाला खुर्चीत बसवते. कोणी गाडी घेऊन आलं की दादा बोनेटकडे पाहून काहीतरी सांगतो. मी वाकून कान देतो. तो पुन्हा सांगतो, आणखी हळू, एकेक शब्द तोडून... मला कळत नाही. मग तो दमतो, मान वळवतो आणि घरात उघडणाऱ्या दाराकडे पाहत थांबून राहतो. ती आतून येईल आणि सांगेल, म्हणून. गाडीवाला तिकडे पाहतो. मीही पाहतो.