जशी उभी, तसं माप

मापाचं ब्लाऊज पिशवीतून बाहेर निघालं की माझं डोकं फिरतं. सेनगावात स्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे, आणि निम्म्या बाया माप द्यायच्याऐवजी जुनं ब्लाऊज पुढं करतात. "याच्यासारखंच शिवा." अहो, तेच बसत नाही म्हणून तर नवं शिवताय ना! काखेत काचतंय, खांद्यावरून उतरतंय, आणि म्हणे याच्यासारखंच. टेप अंगाला लावायचा म्हटलं की यांना धरणी दुभंगावी असं होतं.

तांड्यावरची एक बाई त्यातलीच. कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक, पण एकदाही माप दिलं नाही. यंदा मात्र ती लेकीला घेऊन आली. पोरगी पोलीस भरतीची तयारी करून राहिली होती. रोज सकाळी सडकेनं पळायची, अंगात भावाचा ढगळा टी-शर्ट. छाती भरलेली, ती झाकायला खांदे पुढं पाडून, पोक काढूनच वावरायची. मोटारसायकलवरची टवाळ पोरं शिट्ट्या मारायची, मेली! मागच्या भरतीत तर पळायची पाळीच आली नाही. उंचीत बोटभर कमी पडली नि घरी आली.

"आता जायचंच न्हाई म्हणते," आई म्हणाली. "पळताना हालतंय, लोक बघतेत. आतून घालायला घट्ट काही शिवून दे, बाई. न्हाईतर बसंल ही घरी."

"बाजारात तयार मिळतं की."

"तिथं माणूस बसतोय, मावशी," पोरगी पहिल्यांदा बोलली. "त्याला काय सांगू?"

हे मात्र बराबर होतं. मी पडदा ओढला आणि टेप घेतला. "नीट उभी राहा." राहायची, पण टेप छातीवर आला की खांदे परत पुढं. मी खेकसले. पोरीचे डोळे भरून आले, तसं मलाच वाईट वाटलं. मला शिवण शिकवणारी बाई सांगायची, गिऱ्हाईक जसं उभं राहतं तसं माप घे, त्याला सरळ करायचं काम तुझं नाही. म्हटलं राहू दे. जशी उभी, तसं माप.

छाती भरलेली दिसली की लोक सगळाच कपडा मोठा कापतात, मग गळा उघडा पडतो नि खांदे उतरतात. मी काखेतून, छातीच्या वरच्या अंगानं माप घेतलं आणि कापड त्यावर कापलं. जास्तीची जागा फक्त पुढं, छातीखाली चिमटी घालून शिवतात त्या टक्समध्ये दिली. पोक होतं म्हणून पाठ लांब धरली, पुढचा भाग आखूड. जाड सुती कापड, खाली रुंद पट्टी. शिवून झाल्यावर तिनं घालून बघितलं, पडद्यामागं दोन उड्या मारल्या. "मावशी, हालत न्हाई!" अशी खदाखदा हसली की बाहेर आई दचकली.

मग रोज दुकान झाडताना मला ती पळताना दिसायची. भरती तोंडावर आली आणि एक दिवस तक्रार घेऊन हजर. "मावशी, ते पुढून वर चढून राहिलंय. पाठीत झोळ आलाय."

माझा पारा चढला. माझं कटिंग चुकतं म्हणजे काय! "गरम पाण्यात आटवलं असशील," म्हणत पडद्यामागं घेतली, टेप लावला. खरंच की, पुढून दोन बोटं कमी, आणि पाठ जास्त. मग माझी नजर टेपवरून तिच्यावर गेली. खांदे मागं, मान वर. कुणी सांगितलं नव्हतं, तिला स्वतःला पत्ताही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत एक धपाटाच घातला.

"अगं माझे बाई, सरळ झालीस की तू!"

"काहून मारून राहिली पोरीला?" बाहेरून आई ओरडली.

पहिलं बाजूला टाकलं आणि दुसरं शिवलं, पुढून लांब, पाठीत आखूड. पोरगी ते घालून भरतीला गेली. उंचीत बसली. काठावरच, पण बसली! पळालीही झकास. अजून लेखी राहिलीय, पण घरी बसायची गोष्ट आता कुणी काढत नाही.

मागच्या आठवड्यात आई एकटीच आली, नवा ब्लाऊजपीस घेऊन. सवयीनं मी हात पुढं केला. "आणा मापाचं."

"न्हाई आणलं," म्हणाली, आणि स्वतःच पडद्यामागं गेली.

तिनं पदर खाली घेतला. तेच पुढं पडलेले खांदे, तीच वाकलेली पाठ. इतकी वर्षं पदराखाली मला दिसलंच नव्हतं. "माझी माय म्हणायची, पोरीच्या जातीनं अंग चोरून चालावं," ती हळूच म्हणाली. "मी बी लेकीला तेच शिकवलं बघ."

मी म्हटलं, "राहू द्या, जशा आहात तशाच राहा," आणि टेप लावायला गेले.

तिनं माझा हात धरला. "थांब, बाई. जरा सरळ होऊ दे मला."

एक हात भिंतीला लावून ती खांदे मागं घ्यायला लागली. मी टेप धरून उभी राहिले. लागू दे म्हटलं, किती वेळ लागायचाय तो.