कडुबाची तापलेली जीप

कडुबा माणसांना मारायचा तसाच वस्तूंनाही मारायचा. भेदभाव करत नसे, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. मोबाइलला रेंज येईना म्हणून त्याने तो विहिरीत भिरकावला होता. गुलमंडीत गाडी लावण्यावरून एकाने आईवरून शिवी दिली, तेव्हा त्याचे पुढचे दात पाडले आणि मग त्यालाच आपल्या जीपमध्ये घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत तो माणूस पुन्हा काहीतरी पुटपुटला, म्हणून आणखी एक ठेवून दिली. हे कडुबा स्वतः सांगायचा आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

मी नूरमोहम्मद. पुंडलिकनगरच्या रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाड्यांचं वायरिंग, डायनामो आणि सेल्फ. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटार. राग मलाही येतो, बायकोला विचारा, पण माझा राग तोंडात असतो. कडुबाचा हातात असायचा.

दौलताबादच्या घाटावर त्याचं शेत. तिथून भाजीचे क्रेट भरून जीप शहरात आणायचा. सकाळी थंड इंजिनावर ती चावी लावताच सुरू व्हायची. पण तापलेली गाडी एकदा बंद केली की मेली. सेल्फ नुसता कण्हायचा, घर्र, घर्र, आणि टक्क करून गप्प. गार होऊ दिली की परत शहाण्यासारखी चालायची. कडुबाने यावर आपला इलाज शोधला होता. सीटखालचा हातभर लांब पान्हा काढायचा, जीपखाली सरकायचं आणि सेल्फला हाणायचं. दणक्यांनी कधीकधी ती सुरू व्हायचीही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. मारलं की काम होतं, हे त्याला पुन्हा एकदा पटलं.

मी तो सेल्फ खोलून पाहिला होता. कार्बन बदलले, बुश बदलले, बॅटरीही नवी बसवली. रोग जाईना. प्रत्येक वेळी सेल्फच्या अंगावर पान्ह्याचे नवे खड्डे दिसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

“कडुबाभाऊ, याच्यात काय बी बिघाड नाय. कशाला मारता बिचाऱ्याला?”

“मारल्यावर चालतो ना? मंग बिघाड त्याच्यातच हाय.”

अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा. भिंत निदान पान्हा उचलत नाही.

गरम गाडीचा आजार थंड दुकानात सापडत नाही. गाडी तापेपर्यंत तिच्याबरोबर फिरावं लागतं आणि तापल्या तापल्या तपासावं लागतं. म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी मी मीटर आणि हत्यारांची पिशवी घेऊन कडुबाच्या शेजारी बसलो. घाट चढून शेतावर जायचं, इंजिन बंद करायचं आणि लगेच मीटर लावायचा, असं ठरलं होतं.

कडुबा त्या दिवशी खुशीत होता. धाकट्या भावाच्या, सुदर्शनच्या गोष्टी सांगत होता. बाप लवकर गेला. सुदर्शनला यानेच वाढवलं, शिकवलं, वाळूजच्या कंपनीत चिकटवलं, लग्न लावून दिलं. “सुदाला मारायचा हक्क फक्त माझा,” असं तो हसत म्हणाला. शेताची वाटणीही दोघांनी न भांडता केली होती. मधल्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा होता. तोच त्यांच्या हद्दीचा दगड. दोघांनी त्याच्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की दुसरा हजर असल्याशिवाय म्हसोबाला कोणी हलवायचं नाही. त्या भागात कागदापेक्षा असा दगड पक्का मानतात. तलाठ्याचा नकाशा चुकला तर माणसं अर्ज करतात, म्हसोबा हलला तर कुऱ्हाडी निघतात.

जीप शेतात शिरली आणि कडुबाचं हसू गेलं. त्याच्या हौदाजवळ, त्याच्या हद्दीत बरंच आत, म्हसोबा आडवा पडला होता. शेजारी सुदर्शन पहार घेऊन उभा होता.

कडुबाने खटकन इंजिन बंद केलं आणि सीटखालून पान्हा ओढला. मी म्हटलं, “भाऊ, आधी विचारा तरी.” तो खाली उतरलासुद्धा होता.

“म्हसोबा कुणी हलवला?”

“दादा, आयक तर,” सुदर्शन म्हणाला. पहार त्याने लगेच खाली टाकली. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिला घाव खांद्यावर बसला. वाळलेली फांदी मोडावी तसा हाडाचा आवाज आला. सुदर्शन ओरडत गुडघ्यावर आला. मी धावत जाऊन कडुबाला मागून मिठी मारली. त्याने कोपर असं मारलं की माझा ओठ फाटला आणि मी ढेकळांत पडलो. उठेपर्यंत दुसरा घाव डोक्यात बसला होता. सुदर्शन तोंडावर पडला, म्हसोबाच्या शेजारीच. कानामागून रक्त निघालं आणि काळ्या मातीत मुरू लागलं. कडुबाने पान्हा तिसऱ्यांदा वर नेला.

तेवढ्यात बांधावरून सुदर्शनची बायको गीताबाई किंचाळत आली. तिच्या डोक्यावर कालवलेल्या सिमेंटचं घमेलं होतं. ते तिने कडुबाच्या अंगावरच फेकलं.

“भावजी, काय केलं हो हे! म्हसोबाच्या बुडाखाली उंदरांनी पोखरलं व्हतं. दगड कलला व्हता. त्याला ओटा बांधायचा व्हता. धुवायला तुमच्या हौदावर आणला त्यांनी. तुमच्या हातानं बसवायचा म्हणून तर तुमची वाट बघत व्हतो.”

कडुबाचा हात वरच्या वर राहिला. तोंडावरून सिमेंट ओघळत होतं. शपथ मोडली होती सुदर्शनने, हे खरं. शहरात नोकरी करून तो जरा सैल झाला होता, आपल्या भावाशी एवढं काय, असं त्याला वाटलं असेल. पण ज्या भावाच्या हातून तो म्हसोबा बसवून घेणार होता त्यानेच त्याला फोडलं.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती लांब होती. गीताबाईने पदराचा बोळा करून जखमेवर दाबला, तो बघता बघता लाल झाला. सुदर्शनचा श्वास घोरल्यासारखा येत होता. आम्ही त्याला उचलून जीपच्या मागच्या बाजूला आडवा केला. कडुबाने चावी फिरवली.

घर्र. घर्र. टक्क.

नांगरलेल्या रानात जीप ढकलणं अशक्य. कडुबाने पुन्हा चावी फिरवली, नुसतं टक्क. मग तो खाली उतरला आणि भावाच्या रक्ताने माखलेला तोच पान्हा घेऊन जीपखाली सरकला. सेल्फला दणादण हाणू लागला. एकेका दणक्याबरोबर जीप हलत होती आणि वर सुदर्शनचं डोकं हलत होतं. मग माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कमरेत लाथ घातली, पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि थोबाडीत मारली. कडुबाच्या थोबाडीत! शुद्धीवर असतो तर माझी हिंमत झाली नसती.

“बस कर, हैवान! भाई मर रहा तेरा, और तू लोहे को पीट रहा. चावी फिरव नुसती. मी सांगेन तवाच फिरव.”

तो पान्हा सीटखाली टाकून लहान पोरासारखा चावीपाशी जाऊन बसला. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाच्या अंगाला, आणि चावी फिरवायला सांगितली. आकडा शून्याजवळ राहायला हवा होता. तो दोन व्होल्टच्याही वर गेला. इतक्या दिवसांचा रोग समोर उभा राहिला. सेल्फ बिचारा निर्दोष होता. इंजिनाला बॅटरीशी जोडणारी अर्थची पट्टी गियरबॉक्सखाली गंजून सैल झाली होती. गाडी तापली की तो जोड करंटच जाऊ देत नव्हता. पान्ह्याच्या दणक्यांनी कधीतरी तो हलून टेकायचा आणि गाडी सुरू व्हायची. दोष एकीकडे आणि मार दुसरीकडे, हा या माणसाचा जन्माचा हिशेब.

खाली झोपून बोल्ट खोलायला वेळ नव्हता. त्या पट्टीचं काम करील अशी जाड केबल पिशवीत होती, पण तिच्या एका टोकाचा चिमटा तुटलेला. चांगलं टोक मी बॅटरीच्या मायनसला लावलं. दुसऱ्या टोकाच्या उघड्या तारा कोणीतरी इंजिनाच्या लोखंडावर दाबून धरायला हव्या होत्या, आणि ते लोखंड घाट चढून आलेलं होतं. मी फडकं शोधू लागलो. कडुबाने खाली उतरून केबल माझ्या हातातून हिसकावली आणि दोन्ही तळव्यांनी इंजिनावर दाबली.

“फिरव, नूरभाई.”

मी चावी फिरवली. सेल्फने ओढ घेतली. चर्र आवाज आला, मांस जळल्याचा वास आला. कडुबा ओरडत होता पण हात काढत नव्हता. इंजिन धडाडून सुरू झालं. त्याने हात उचलले तेव्हा तळव्यांची कातडी तिथेच राहिली.

घाटातून जीप मी खाली आणली. मागे कडुबा भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि गीताबाई त्याला तोंडाला येईल ते बोलत होती. घाटातल्या जुन्या, एका वेळी एकच गाडी जाईल अशा दगडी दरवाजात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. फिरायला आलेला एकजण मधोमध कार थांबवून फोटो काढत होता. मी हॉर्न वाजवला, त्याने हातानेच थांबा म्हटलं. कडुबा उतरला आणि त्या सोललेल्या हातांनी पान्हा धरून कारची पुढची काच एका घावात फोडली. वाट झाली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. काच बदलता येते.

सुदर्शन वाचला. आम्ही त्याला शहरातल्या सरकारी घाटी दवाखान्यात पोहोचवलं, रात्रीच डोक्याचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी तो बोलू लागला, तेव्हा पोलीस जबाब घ्यायला आले. मी आणि कडुबा खाटेजवळच उभे होतो. कडुबाच्या दोन्ही हातांना बोटांपर्यंत पट्ट्या होत्या.

हवालदाराने कोणी मारलं म्हणून विचारलं. सुदर्शनने डोळे उघडले, भावाकडे पाहिलं आणि अडखळत म्हणाला, “कुणी नाय साहेब. म्हसोबा उचलताना पाय घसरला. दगडावर पडलो.”

हवालदार लिहू लागला. मी मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले, सुटलो म्हटलं. कडुबाने ती पट्ट्यांची बोचकी त्या कागदावर ठेवली.

“साहेब, ह्याचं लिहू नका,” तो म्हणाला. “ह्याच्या डोक्याला मार लागलाय. मीच मारलाय.”

सुदर्शनने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो रडू लागला.