घरात चालणारी म्हातारी

तसबिरींना चौकटी करून देणारं ते दुकान आत्या आणि भाची, दोघींचं. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. आत्याचे डोळे गेल्यापासून काच भाची कापायची आणि आत्या मधल्या दाराशी बसून कानांनी दुकान सांभाळायची. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, हेसुद्धा तिला बसल्या जागी कळे. "डोळे गेले म्हणून काय झालं? कान काय भाड्याने आणलेत?" असं ती गिऱ्हाइकालाच ऐकवायची.

हल्ली मात्र पडदे दिवसाही ओढलेले असत. भाचीला ऊन सोसेना. नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठे, बोटांचे सांधे ठणकत. डॉक्टरांनी ल्युपस सांगितला होता, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार. ते नाव तिने पोटातच ठेवलं आणि आत्याला उन्हाचं पित्त म्हणून सांगितलं. खरं कळलं तर आत्या काचेला हात लावू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काच सुटली तर मग ती कोण?

एका दुपारी आत्या म्हणाली, "पोरी, घरात कुणी म्हातारी आणून ठेवलीस का?"

"तू आहेस की!"

"थट्टा पुरे. मी ठणठणीत आहे. ही पाय ओढते, उठताना कण्हते. तू बाहेर गेलीस की गप्प होते आणि तू आलीस की लागते चालायला."

भाचीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती जपून चालू लागली. पण जपून चाललं की पावलं आणखीच म्हातारी होत. पडद्याआडच्या अंधारात आता तिलाही ती ऐकू येऊ लागली. कधीकधी ती थांबली, तरी मागे एक पाऊल जास्तीचं पडल्यासारखं वाटे.

"तिलाही वाढ," आत्या जेवताना म्हणे. "बिचारीला उपाशी का ठेवतेस?"

भाची जास्तीचं ताट मांडी. त्यातलं काय, स्वतःच्या ताटातलंही तिला जात नव्हतं.

शेवटी काचेनेच घात केला. काच कापायची हिरकणी एकदाच ओढायची, एका दाबात. एका सकाळी तिचा हात मध्येच ढिला पडला आणि तिने त्याच रेघेवर पुन्हा हिरकणी फिरवली. काच वाकडी तडकली.

"अगं, तिला काच कुणी दिली कापायला?" म्हणत आत्या चाचपत आली आणि तिने भाचीचं मनगट पकडलं. काडीसारखं मनगट. "कोण गं तू? आमची पोर कुठेय?"

गप्प राहिलं असतं, तर सगळं त्या म्हातारीच्या माथी मारून सुटता आलं असतं. क्षणभर भाचीला ते हवंसंही वाटलं.

"आत्या, मीच आहे."

आत्याने मनगट सोडलं नाही. भाचीने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी ताकद मोजायला मुठीत यंत्र दाबायला दिलं होतं, खुर्चीवरून उठवलं होतं, चालवून पाहिलं होतं. अंगातल्या ताकदीची ही झीज वयाची नव्हे. या आजारात तरुण बायकांतही ती पुष्कळदा दिसते, असं ते म्हणाले होते. वेळीच लक्ष दिलं तर थोडी मागेही हटते.

"पुष्कळदा म्हणजे किती?"

"तिथे दवाखान्यात बाकांवर बसतात ना, त्यांतल्या कितीतरी."

आत्याने त्या मनगटावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "मला ने तिथे. तुझी चाल मी नव्याने शिकून घेते. माझी पोर माझ्याच घरात परकी नको."

दवाखान्यात लांब बाह्यांच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका बसल्या होत्या. चेहरे कोवळे. नाव पुकारलं की गुडघ्यांवर हात रोवून उठत, पाय ओढत आत जात. आत्या मान कलती करून एकेकीला ऐकत होती. भाचीचा नंबर आला, तीही तशीच उठून गेली.

ती बाहेर आली तेव्हा आत्या हसत होती. तिच्या हातात एका अनोळखी मुलीचा हात होता.

"बघ पोरी, तुझी चाल ओळखली की नाही बरोबर? कान आहेत म्हटलं!"

मुलगी गोंधळून भाचीकडे पाहत होती. हात काही तिने सोडवून घेतला नव्हता. भाची हळूहळू बाकापाशी आली. तिची पावलं ऐकून आत्या थोडी आत सरकली.

"सरक गं पोरी," ती त्या मुलीला हळूच म्हणाली. "या आजींना बसू दे."