कोपराजवळचा वळ

रविवारी डोंगर चढताना नवरा पुढे होता आणि त्याच्या कोपराजवळचा काळानिळा वळ मला सारखा दिसत होता. आदल्या दिवशी धरणाच्या पाण्यात दोघांच्या कयाकमध्ये मी त्याच्या मागे बसले होते. मागच्याने पुढच्याकडे बघून वल्हवायचं, असं तिथल्या माणसाने बजावलं होतं. पण वारा पिसाळला, लाटा थपडा मारू लागल्या आणि मी नुसतं पाणी बडवत सुटले. माझं वल्हं कोपरावर बसलं तेव्हा तो वळला नाही; वळला असता तर आम्ही उलटलोच असतो.

घरातही आमचं असंच चालत असेल. मारणाऱ्याचं सगळं लक्ष वाऱ्याकडे असतं आणि ज्याला लागतं त्याला वळायची सोय नसते.

तेवढ्यात त्याच्या पायाखालचा धोंडा सुटला, माझ्या कानाजवळून सणसणत गेला आणि खाली कातळावर आपटून फुटला. या वेळी तो वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लागलं का गं?"

"नाही. तुला?"

त्याने कोपराकडे पाहिलं. "आता विचारतेस होय," म्हणाला, आणि तोच हात माझ्यापुढे धरला.