सोनेरी काठाचा कप

चहाचा एक नवाकोरा कप विकत आणणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. तोही साठी उलटल्यावर केलेला, त्यामुळे लहान होते म्हणायचीही सोय नाही.

आठ वर्षांपूर्वी बौद्धवाड्यातली बाई पहिल्यांदाच आमच्या गावची सरपंच झाली. जागा राखीव नव्हती, म्हणून तर गाव चक्रावलं. ती माझी शाळासोबतीण, दोघींचं माहेर-सासर ह्याच गावात. चौथीपर्यंत एका वर्गात होतो, पण आमच्या उंबऱ्याच्या आत ती कधी आली नव्हती आणि मीही कधी ये म्हटलं नव्हतं. निकालादिवशी मात्र मी कपाळभर गुलाल लावून भेटेल त्याला सांगत सुटले, "गेली बघा जात गावातनं! मी स्वतः मत दिलंय तिला." जणू मी बटण दाबलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं पुसलं गेलं!

आमचे मालक एवढंच म्हणाले, "गुलाल धुतल्यावर बघू की."

मला राग आला. मी तिला चहाला बोलावलं आणि एसटीनं कोल्हापूर गाठून शाहूपुरीतनं सोनेरी काठाचा कप आणला. एकच. घरात डझनभर कप असताना तिला वेगळा कशाला, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा रोज डोळ्यांसमोर होता. सासूबाईंच्या काळी तिची आई शेण काढायला यायची, तिचा कप तिथंच पालथा असायचा.

ती आली. "खास तुझ्यासाठी शाहूपुरीतनं आणलाय गं," मी मिरवलं. तिनं त्या कपाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रोजच्या कपाकडे. चहा प्याली आणि कप विसळायला आत निघाली.

"अगं, राहू दे, ठेव तिथंच!" म्हणत मी हात आडवा घातला.

पाहुणीला कोण कप विसळू देतं? असं मी मनाची समजूत घालत आले. पण त्या हाताची खात्री मी आजही देणार नाही. ती गेल्यावर कप धुतला आणि काचेच्या कपाटात शोभेला ठेवला. म्हणजे पुन्हा वेगळाच!

आता ती दुसऱ्यांदा निवडून आलीय. हार घालायला रांग लागते. त्या रांगेतले तिच्या घरच्या लग्नात फुलं टाकून जेवायच्या आधी कसे पसार होतात, ते मी चोरून बघत असते. निवडणुकीवर माझा भरवसा नाही, स्वतःवर तर त्याहून नाही.

त्या चहानंतर महिन्याभरानं मी ओशाळून तिच्या घरी गेले होते. तिनं कानतुटक्या कपात चहा ओतला, माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "ह्यो माझा रोजचा हाय. चालतंय का बघ, न्हाईतर शाहूपुरीतनं नवा आणतो की तुला."